रेस्ट ऑन वन्स लॉरल्स

मिळवलेल्या कीर्तीवर समाधान मानून पुढची धडपड थांबवणे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. लॉरल हा भूमध्य समुद्राकाठचा सदाहरित, सुगंधी वृक्ष. पाश्चात्त्य स्वयंपाकातले ‘बे लीफ’ ते याचेच पान. आपले तमालपत्र त्याच कुळातले, पण झाड वेगळे: तमालपत्रावर देठाकडून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात, लॉरलच्या पानाला मधली एकच.

ग्रीक पुराणकथेत अपोलो पाठलाग करत असता डॅफ्नी या अप्सरेचा लॉरल वृक्ष झाला आणि अपोलोने तो आपला मानला. डेल्फीला त्याच्या सन्मानार्थ दर चार वर्षांनी भरणाऱ्या पायथियन स्पर्धांत विजेत्याला याच डहाळ्यांचा मुकुट घालत; ऑलिंपियात तो ऑलिव्हचा असे. पुढे रोममध्ये विजययात्रेतील सेनापतीच्या मस्तकी लॉरल आला. १३४१ मध्ये रोममध्येच पेट्रार्क या कवीला तो मान मिळाला. इंग्लंडच्या राजकवीला ‘पोएट लॉरिएट’ म्हणतात ते यावरूनच.

आज या वाक्प्रचारात ऐकू येणारा ठपका मूळचा नव्हे. पराक्रम गाजवलेल्याने आता निवांत बसावे, हा त्याचा हक्कच समजला जाई. १८४३ मध्ये राजकवीपद देऊ केले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या वर्ड्‌स्वर्थने वयाचे कारण सांगून आधी नकार दिला. या पदापोटी काहीही लिहावे लागणार नाही, अशी हमी पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी दिली, तेव्हा कुठे तो राजी झाला. यात कोणी आळस पाहिला नाही, आणि ते योग्यच होते.

एकोणिसाव्या शतकात मात्र निंदेची छटा वाढत गेली. आता वापर बहुतेक नकारार्थीच: विजेत्या संघाला, खप वाढलेल्या कंपनीला, पहिल्या पुस्तकावर गाजलेल्या लेखकाला ‘इतक्यात थांबू नका’ असे बजावताना. मराठीत ‘पूर्वपुण्याईवर जगणे’ जवळचे वाटते. पण ती पुण्याई वाडवडिलांचीही असू शकते. लॉरल स्वतःच मिळवलेला हवा. ज्याने काहीच कमावले नाही, किंवा जो घराण्याच्या नावावर मिरवतो, त्याला हा वाक्प्रचार लागू पडत नाही. म्हणून त्यातल्या टीकेतही कर्तृत्वाची कबुली असते, आणि हेच त्याचे खरे मोल आहे.

‘लुक टु वन्स लॉरल्स’ हे त्याचे भावंड. प्रतिस्पर्धी जवळ येऊन ठेपला आहे, आपला मान सांभाळा, असा इशारा त्यातून दिला जातो.