८०३८७-सुसंगत गणिती सहप्रक्रियक

८०३८७-सुसंगत गणिती सहप्रक्रियक म्हणजे इंटेलच्या ८०३८७ या चिपच्या जागी बसणारे व तिच्याच आज्ञा पाळणारे, अन्य कंपन्यांचे सहप्रक्रियक होत. ८०३८६ प्रक्रियक असलेल्या संगणकाची आकडेमोड कमी खर्चात वेगवान करण्यासाठी ते घेतले जात.

पार्श्वभूमी

८०३८६ (१९८५) थेट पूर्णांकांवरच क्रिया करतो. फ्लोटिंग पॉइंट गणित त्याला सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक पायऱ्यांत करावे लागते. १९८७ साली आलेला ८०३८७ ते काम स्वतः करतो. मात्र तो महाग होता, त्यामुळे स्पर्धकांना वाव मिळाला.

उत्पादक

सायरिक्सचा ८३डी८७ ‘फासमॅथ’ (१९८९) स्वतंत्र हार्डवेअर गुणकामुळे इंटेलच्या चिपपेक्षा वेगवान ठरला. आयआयटी या अमेरिकन कंपनीच्या (भारतातील त्याच नावाच्या संस्थांशी तिचा संबंध नाही) ३सी८७ मध्ये ४×४ मॅट्रिक्सच्या गुणाकाराची जादा सोय होती. परंतु खास तिच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामशिवाय ती निरुपयोगी होती. यूएलएसआयच्या चिपा इंटेलचा परवाना असलेल्या ह्यूलेट-पॅकार्डने बनवल्या होत्या; इंटेलने दाखल केलेल्या पेटंट खटल्यात १९९३ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल यूएलएसआयच्या बाजूने लागला. वायटेकचा ३१६७ या गटात मोडत नाही. त्याच्या आज्ञा वेगळ्या असून त्याला मोठे सॉकेट लागते.

निवड

सहप्रक्रियकाचा नमूद वेग मदरबोर्ड त्याला देत असलेल्या क्लॉकच्या वेगाइतका किंवा त्याहून अधिक असावा लागतो. इंटेलचा ८०३८७ ३३ मेगाहर्ट्झपर्यंतच उपलब्ध होता. म्हणून एएमडीच्या ४० मेगाहर्ट्झच्या ३८६ साठी सुसंगत चिप हाच योग्य पर्याय होता. ३८६एसएक्सला ८०३८७एसएक्स किंवा सायरिक्स ८३एस८७ लागतो, कारण त्याचे सॉकेट निराळे असते. डीएक्सची चिप बसवताना तिचा खुणेचा कोपरा सॉकेटवरील खुणेशी जुळवावा लागतो. उलटी बसवल्यास ती जळू शकते.

स्वस्त चिपही वाया जाण्याचे नेहमीचे कारण सुसंगतीचा अभाव नसून सॉफ्टवेअर हे असते. ऑटोकॅडच्या ३८६ आवृत्तीला सहप्रक्रियक अनिवार्य होता आणि स्प्रेडशीटमधील किचकट सूत्रांना त्याचा लाभ होई. शब्दसंस्करण, फाइलींची हाताळणी किंवा पूर्णांकांवर चालणारे बहुतेक खेळ यांत मात्र काहीच फरक पडत नसे.

८०४८६डीएक्स (१९८९) मध्ये हा भाग प्रक्रियकातच आल्याने ही बाजारपेठ आटली. ४८६एसएक्सला ८०३८७ बसत नाही; त्यासाठी विकला गेलेला ४८७एसएक्स हा वस्तुतः पूर्ण ४८६डीएक्स असून तो मूळ प्रक्रियक बंद करून सर्व काम स्वतःच करतो.