लोण देऊन डाव राखणे

वाचकहो, पळसदेवच्या मैदानावर कबड्डी रंगली आहे असे समजा. सात मिनिटे उरली आहेत, आपला संघ सहा गुणांनी मागे आहे आणि आत गडी एकच! पुढे असलेला संघ त्याला बाद करायची घाई करीत नाही; वेळ काढतो. अशा वेळी जाणता गडी चढाईला जातो आणि मुद्दाम पकडला जातो. समोरच्यांना त्याचा एक व लोणाचे दोन गुण मिळतात; पण आपले सातही गडी उभे राहतात.

ही युक्ती मिळाली 'संजीवनी' प्रकारातून. 'अमर' प्रकारात बाद गडी बाहेर जातच नसे, मग लोण कुठले? महाराष्ट्रात १९१८ पासून नियमांची घडी बसू लागली. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि पुढे संजीवनीचीच रीत रूढ झाली.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलमध्येही मागे पडलेला संघ अखेरीस जाणूनबुजून फाउल करतो. समोरच्यांना गुण मिळू शकतात, पण घड्याळ थांबते आणि चेंडू परत हाती येण्याची संधी मिळते.

मात्र हिशेब वेळेचा आहे. शेवटच्या मिनिटाला दिलेले लोण म्हणजे तीन गुणांचे नुसते दान! तेव्हा गुरुजी, मुलगा मुद्दाम बाद झाला तर लगेच रागावू नका. आधी घड्याळ पाहा.