मार्स्टन मूरवरील दोन पलटणी

शाळेच्या इतिहासात इंग्लंडमधील यादवी युद्धाला फार तर दोन-चार पाने मिळतात, आणि मार्स्टन मूरच्या विजयाचे श्रेय त्यांत क्रॉमवेलच्या घोडदळाला दिलेले असते. मीही वर्गात अनेक वर्षे तसेच शिकवीत आलो. ते खोटे नव्हे, पण अपुरे मात्र आहे. 2 जुलै 1644 च्या सायंकाळी क्रॉमवेल डाव्या बगलेवर सरशी करीत असता, उजवीकडे स्कॉटलंडच्या दोन पायदळ पलटणी जागच्या हलल्या असत्या, तर त्या सरशीचा उपयोग किती झाला असता, हे सांगणे कठीण आहे.

1643 मध्ये स्कॉटलंडने राजाविरुद्ध इंग्लंडच्या पार्लमेंटशी धर्मकरार केला आणि जानेवारी 1644 मध्ये सुमारे वीस हजारांची सेना ट्वीड नदी ओलांडून दक्षिणेत उतरली. या सेनेतील पलटणी परगण्यापरगण्यांतून उभारलेल्या होत्या. अर्ल ऑफ लिंडसेची पलटण फाइफची, तर लॉर्ड मेटलँडची एडिंबरोभोवतालच्या मिडलोदियनची. शिपाई बहुतेक नांगर सोडून आलेले. पलटणीबरोबर धर्मोपदेशक असे. कर्नलचा मान सरदाराकडे. पण त्याच्या हाताखालचे अधिकारी शक्यतो स्वीडनच्या राजाच्या चाकरीत जर्मनीतील युद्धे पाहिलेले असत. खुद्द सेनापती लेव्हन हा त्याच चाकरीत फील्ड मार्शलच्या पदापर्यंत चढला होता. मेटलँड तर त्या वेळी लंडनमध्ये दोन्ही राज्यांच्या समितीत बसलेला होता; रणांगणावर त्याची पलटण लेफ्टनंट कर्नल पिट्सकॉटीच्या हुकमतीत होती.

सायंकाळी सातच्या सुमारास लढाई जुंपली. उजव्या बगलेवर गोरिंगच्या राजपक्षीय घोडदळाने फेअरफॅक्सच्या स्वारांची दाणादाण उडविली आणि पायदळाची ती बाजू उघडी पडली. पलटणींमागून पलटणी पाय काढू लागल्या. सर्व संपले असे समजून खुद्द लेव्हनही रणांगण सोडून लीड्सच्या वाटेला लागला! अशा घडीला सर चार्ल्स लुकस आपले स्वार घेऊन लिंडसे व मेटलँड यांच्या पलटणींवर कोसळला.

येथे त्या काळच्या पायदळाचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. तोड्याची बंदूक एकदा झाडली की ती पुन्हा भरीपर्यंत बंदूकधारी निराधार होई. त्याला आसरा भालाइतांचा. हे भाले पंधरा फुटांहून लांब. त्यांचे बुंधे पायाशी टेकवून टोके घोड्यांच्या छातीवर रोखावयाची. टोकांच्या दाट रांगेवर घोडा सहसा अंग घालीत नाही. मात्र एक जरी माणूस मागे वळला, तरी त्या फटीतून सारी पलटण कापली जाई. म्हणून सारे बळ शेजाऱ्यावरील विश्वासात होते. लुकसचे दोन हल्ले परतले. तिसऱ्यात त्याचा घोडा पडला आणि तो स्वतःच कैद झाला. मधल्या अवधीत बेली व लम्सडेन या सेनानींनी पिछाडीच्या पलटणी मदतीस आणल्या, आणि क्रॉमवेल व डेव्हिड लेस्ली यांचे घोडदळ वळसा घालून येईपर्यंत ती फळी टिकली.

तीन दिवसांनी लम्सडेनने लॉर्ड लाउडनकडे पत्र पाठविले. त्यात त्याने या दोन पलटणींचा गौरव केला. आणि ज्या पलटणी शत्रू भिडण्यापूर्वीच भयाने पळाल्या, त्यांत खुद्द लाउडनची पलटण होती हेही स्पष्ट लिहिले. मालकालाच असे लिहावयास धारिष्ट लागते.

पुष्कळ लेखक या दृढतेचे श्रेय धर्मकराराला देतात. मला ते पटत नाही. पळालेले आणि उभे राहिलेले, दोघेही त्याच कराराचे शपथबद्ध होते. त्या शपथेत पोपच्या पंथाचे उच्चाटन करण्याचेही कलम आहे आणि मी त्याच पंथाचा; तरी त्या शेतकऱ्यांच्या धैर्याचे मोल कमी करण्याचे मला कारण दिसत नाही. मला वाटते, त्यांना उभे ठेवले ते कवायतीने, अनुभवी अधिकाऱ्यांनी आणि शेजारी आपल्याच परगण्याचा माणूस असल्याच्या जाणिवेने. पुढील वर्षी, 15 ऑगस्ट 1645 रोजी, किल्सिथ येथे त्याच फाइफची नवी, अर्धशिक्षित भरती माँट्रोजच्या सेनेसमोर टिकली नाही व तिची भयंकर कत्तल झाली.

यॉर्क शहर 16 जुलै 1644 रोजी शरण आले. पुढे पक्ष बदलले. स्कॉटलंड राजाच्या बाजूस गेले. 3 सप्टेंबर 1651 रोजी वूस्टरच्या लढाईत सेव्हर्न नदीकाठी क्रॉमवेलची वाट अडविणाऱ्यांत पिट्सकॉटी होता. त्या पराभवानंतर मेटलँड पकडला गेला आणि 1660 पर्यंत कैदेत राहिला.