चूर्णाशिवाय पोटच साफ होत नाही? वर्षानुवर्षांची सवय हळूहळू कशी सोडवायची, जाणून घ्या

रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर एक चमचा चूर्ण, नाहीतर एक गोळी. सकाळी पोट मोकळं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरणपासून म्हसळ्यापर्यंत किनारपट्टीच्या अनेक घरांत हा नेम दहा-दहा, वीस-वीस वर्षं चालू आहे. सुरुवात एक चमच्याने होते, मग दोन चमचे लागतात. पुढे एक रात्र चुकली तरी दोन दिवस पोट जड, डोकं जड. "आता याच्याशिवाय होतच नाही," असं माणूस धरून चालतो आणि दवाखान्यात हा विषय काढायची लाज वाटते म्हणून तो घरातच राहतो.

ही सवय बहुतेकांना कमी करता येते, अनेकांना पूर्ण सोडताही येते. मात्र एका दिवसात नाही. त्यासाठी दोन ते तीन महिने द्यावे लागतात आणि आधी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात.

बद्धकोष्ठता नेमकी कशाला म्हणायची?

रोज सकाळी संडासला झालंच पाहिजे, हा समज खरा नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यातलं काहीही निरोगी माणसात नॉर्मल असू शकतं. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं, खडा होणं, खूप कुंथावं लागणं, जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटणं, हा त्रास तीन महिन्यांपेक्षा जास्त चालला तर त्याला जुनाट बद्धकोष्ठता म्हणतात. ज्याला एक दिवसाआड त्रास न होता साफ होतं, त्याला औषधाची गरजच नसते. अनेकांची सवय याच गैरसमजातून सुरू होते.

सवय का लागते? फेरा समजून घ्या

बाजारातल्या अनेक चूर्णांत मुख्य घटक सोनामुखी असतो. केमिस्टकडच्या बिसाकोडिलच्या गोळ्याही त्याच पद्धतीने काम करतात: आतड्याला डिवचून हालचाल करायला लावतात. रात्री घेतलं की साधारण ६ ते १२ तासांत परिणाम होतो. एरंडेल तेलाचं कामही डिवचण्याचंच, फक्त ते लवकर लागू होतं.

डोस जोरात असला तर मोठं आतडं बरंचसं रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. या दिवसांत कळ येत नाही, कारण बाहेर टाकायला आत काही नसतंच. माणसाला मात्र वाटतं, "बघा, परत अडकलं." तो पुन्हा चूर्ण घेतो. आतड्याला स्वतःहून भरून स्वतःहून रिकामं व्हायची संधीच मिळत नाही.

"चूर्णाने आतडं कायमचं निकामी होतं" अशी भीती अनेकांना असते. ठरलेल्या डोसात घेतलेल्या औषधाने आतड्याच्या नसा मरतात, असं अभ्यासांतून पक्कं सिद्ध झालेलं नाही. सोनामुखी बरीच वर्षं घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर काळपट दिसू शकतं, पण औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ते पूर्ववत होतं. त्यामुळे "आता उशीर झाला" असं समजायचं कारण नाही.

धोका आहे तो जादा डोसाचा. रोज पातळ जुलाब झाले की शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. पायात गोळे येणं, अशक्तपणा, चक्कर, हृदयाचे ठोके अनियमित होणं, असे त्रास होऊ शकतात. बीपी किंवा हृदयरोगासाठी 'लघवीची गोळी' चालू असलेल्या वयस्कर माणसांत हा धोका जास्त. त्यांनी रोज चूर्ण घेत असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं. "ते काय, आयुर्वेदिकच आहे" म्हणून लपवू नये. आयुर्वेदातही विरेचन हा वैद्याच्या देखरेखीखाली करायचा उपचार आहे, रोज रात्रीचा नेम नव्हे.

आधी कारण शोधा

कारण कायम राहिलं तर चूर्ण सुटत नाही. आपल्या भागात नेहमी दिसणारी कारणं अशी:

- कळ दाबणं. पहाटे मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या महिलेला दुपारपर्यंत संडासची सोय नसते. म्हणून ती पाणीही कमी पिते. बोटीवर चार-सहा दिवस जाणाऱ्यांचंही तेच. कळ वारंवार दाबली की ती येणंच कमी होतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय नैसर्गिक वेग अडवू नयेत याच विषयावर आहे.
- ताटात चोथा कमी. पॉलिशच्या तांदळाचा भात, तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, सुकट किंवा बोंबील. मासळीत प्रथिनं भरपूर, पण चोथा अजिबात नाही. पॉलिशच्या १०० ग्रॅम तांदळात चोथा ३ ग्रॅमपेक्षाही कमी, तर तेवढ्याच नाचणीत साधारण ११ ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतो.
- पाणी कमी. दमट हवेत घाम खूप जातो. खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते.
- चालू असलेली औषधं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रामाडोल, कोडीनसारखी वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं, बीपीच्या काही गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, काही अ‍ॅसिडिटीची औषधं. ही स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा.
- आजार. थायरॉईड कमी असणं, मधुमेह, कंपवात. फिशर असेल तर दुखण्याच्या भीतीने माणूस जाणं टाळतो आणि खडा आणखी कडक होतो.
- मशेरी आणि तंबाखू. "मशेरी लावल्याशिवाय होत नाही" हे अनेक घरांत ऐकू येतं. तंबाखूतल्या निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते हे खरं, पण कॅन्सरचा धोका पत्करून पोट साफ करणं परवडणारं नाही. तंबाखू सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठता वाढू शकते, त्याची तयारी ठेवावी.

ही लक्षणं असतील तर चूर्ण नाही, डॉक्टर

- शौचातून रक्त, किंवा डांबरासारखं काळं शौच. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, तरी खात्री करून घ्यावी.
- वजन आपोआप घटणं, रक्त कमी होणं.
- पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर शौचाची सवय अचानक बदलणं. घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं.
- वयस्कर, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कित्येक दिवस शौच नाही आणि मग थोडं थोडं पातळ झिरपतंय. हे बऱ्याचदा जुलाब नसतात. आत खडा अडकून त्याच्या बाजूने पाणी येत असतं.

पोट फुगलंय, उलट्या होतायत, वायूही सरत नाही, किंवा पोटात जोरात दुखतंय आणि ताप आहे, अशा वेळी कुठलंही जुलाबाचं औषध किंवा एरंडेल देऊ नका. आतडं अडकलेलं किंवा अपेंडिक्स सुजलेलं असेल तर ते जिवावर बेतू शकतं. १०८ वर फोन करून रुग्णालय गाठा.

मूळव्याध समजून वर्षभर चूर्ण घेत राहणं आणि रक्त का जातंय याची तपासणीच न होणं, ही या सवयीतली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

टप्प्याटप्प्याने सवय कशी कमी करावी

धोक्याचं लक्षण नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरांशी एकदा बोलून सुरुवात करावी. सर्वसाधारण क्रम असा असतो.

पहिले दोन आठवडे: चूर्ण आहे तसंच, पाया घाला. आहार, पाणी आणि बसण्याची वेळ बदलायची. त्यासोबत इसबगोल सुरू करता येतं. एक चमचा भुसा पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावं. पाणी कमी पडलं तर तोच भुसा घट्ट होऊन अडकतो. घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं. गिळायला त्रास होणाऱ्यांनी घेऊ नये. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, सुरुवातीला थोडा गॅस होतो. इसबगोल चालत नसेल तर डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकोलची पावडर देतात. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, डिवचत नाहीत.

तिसरा-चौथा आठवडा: चूर्ण निम्मं. दोन चमचे असेल तर एक, एक असेल तर अर्धा. बिसाकोडिलची गोळी मात्र तोडू, चावू नये, तिच्यावर खास आवरण असतं. ती रोजऐवजी एक दिवसाआड घ्यावी. दूध किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधासोबतही घेऊ नये.

पाचवा-सहावा आठवडा: चूर्ण एक दिवसाआड. गोळीवाल्यांनी दोन दिवसांआड. मधल्या दिवशी झालं नाही तरी घाबरू नये.

त्यानंतर: फक्त गरजेला. सलग तीन दिवस झालं नाही आणि पोट जड वाटतंय, तेव्हाच एक डोस.

एखाद्या टप्प्यावर अडलं तर एक पायरी मागे यावं, दोन आठवडे थांबावं, पुन्हा प्रयत्न करावा. दोन-तीन प्रकारची औषधं चालू असतील तर सगळी एकदम बंद करू नयेत. एका वेळी एकच, आणि शक्यतो डिवचणारं आधी. पोट नीट सुरू झाल्यावर इसबगोल किंवा पावडरही हळूहळू उतरवता येते.

ताटात काय वाढवायचं?

त्यासाठी महागडं काही आणायची गरज नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस तांदळाऐवजी नाचणीची भाकरी. वाल, मटकी, चवळी, कुळीथ यांपैकी एक कडधान्य रोज एक वाटी. थंडीत पोपटी लावतात, तेव्हा अंड्या-चिकनइतक्याच वालाच्या शेंगाही खाव्यात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला. टाकळा हा सोनामुखीच्याच कुळातला, थोडा सारक. पेरू, पपई, चिकू यांपैकी एक फळ रोज. मासळी सोडायची नाही, तिच्या बाजूला भाजी वाढवायची.

चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं, म्हणून दर आठवड्याला थोडा थोडा वाढवावा. पाणी दिवसाला आठ-दहा पेले, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. हृदय, किडनीच्या रुग्णांनी पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

बसण्याची वेळ आणि पद्धत

काही खाल्लं की मोठं आतडं हलतं, आणि सकाळी ही हालचाल सगळ्यात जोरात असते. म्हणून सकाळी चहा-भाकरीनंतर १५ ते ३० मिनिटांत, कळ असो वा नसो, रोज ठरलेल्या वेळी जाऊन बसावं. दहा मिनिटांच्या वर बसू नये, कुंथू नये. मोबाईल बाहेर ठेवावा, तो हातात असला की अर्धा तास कसा जातो कळत नाही आणि मूळव्याधीला आमंत्रण मिळतं.

उकिडवं बसणं आतड्याला सोयीचं. गुडघ्यांमुळे कमोड वापरणाऱ्यांनी पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्यावं, गुडघे कमरेपेक्षा वर यावेत, थोडं पुढे वाकावं. घरी बसून असणाऱ्या वयस्करांनी जेवणानंतर अंगणात फेऱ्या माराव्यात.

कोणी स्वतःहून प्रयोग करू नये?

- गरोदर महिला: एरंडेल तेल अजिबात नाही, त्याने कळा सुरू होऊ शकतात. औषध डॉक्टरांना विचारूनच.
- लहान मुलं: मोठ्यांचं चूर्ण देऊ नये. डॉक्टरांनी दिलेलं औषध मधेच बंदही करू नये.
- किडनीचे रुग्ण: मॅग्नेशियम असलेली पातळ औषधं टाळावीत.
- कंपवात, मणक्याची इजा, कॅन्सरसाठी मॉर्फिनसारखी औषधं घेणारे: यांना जुलाबाचं औषध दीर्घकाळ लागू शकतं. ते घेण्यात कमीपणा नाही. ते सोडण्याचा हट्ट धरू नये.

तीन महिने करूनही जमलं नाही तर?

काहींचा मळ मऊ असतो, तरी बाहेर येत नाही, बोटाने काढावा लागतो. यात गुदद्वाराचे स्नायू कुंथताना सैल होण्याऐवजी आवळले जातात. यावर चूर्णाचा उपयोग नाही, स्नायूंना नव्याने शिकवण्याचा व्यायाम असतो. अशांनी अलिबागचं जिल्हा रुग्णालय किंवा तालुक्याचं सरकारी रुग्णालय गाठून पुढची चिठ्ठी घ्यावी. मुंबईत परळचं केईएम आणि भायखळ्याचं जे. जे. इथे पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत.

दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्यावं: किती वर्षं, कुठलं चूर्ण किंवा गोळी, किती चमचे, आठवड्यात किती वेळा होतं, रक्त जातं का, बाकी कुठली औषधं चालू आहेत. चूर्णाची डबी सोबत न्यावी. तोंडाने सांगायला संकोच वाटला तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. फोनवर आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हा सरकारी क्रमांक आहे, आणि ई-संजीवनीवरून मोबाईलवरही डॉक्टरांशी बोलता येतं.