परक्याचे घर : ओरत्तनाडुचे छत्र

तंजावरहून दक्षिणेकडे पट्टुकोट्टैच्या वाटेने निघालेल्या प्रवाशाला ओरत्तनाडु लागते. तंजावरच्या भोसले राजवटीत या गावाला मुक्तांबापुरम् असे दुसरे नाव मिळाले. मुक्तांबा ही सरफोजी दुसरे यांची प्रिया. विवाहित राणी नव्हे. तिच्या अकाली निधनानंतर राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे तिच्या नावाने छत्र उभारले. रथाच्या आकाराची ही वास्तू, तिला जुंपलेले दगडी घोडे आणि हत्ती, यांचे वर्णन पुष्कळ झाले आहे. ती कोणासाठी होती, याचा विचार मात्र क्वचितच झाला.

रामेश्वराच्या यात्रेला उत्तरेकडून येणारा माणूस कावेरीकाठी पोहोचेपर्यंत भाषेने मुका झालेला असे. त्याचे मराठी किंवा हिंदुस्थानी येथे फारसे कोणास कळत नसे आणि येथील तमिळ त्याला कळत नसे. सोबतीचे पुढे गेले वा वाटेत वारले, तर तो सर्वस्वी एकटा पडे. 'सत्र' हा संस्कृत शब्द मराठीत 'अन्नछत्र' आणि तमिळमध्ये 'चत्तिरम्' होऊन नांदतो. मराठीने त्याचा अर्थ मुख्यतः भोजनापुरता राखला. तंजावरच्या छत्रांचे काम त्याहून बरेच मोठे होते.

त्याचा पुरावा सरफोजींनी 1801 साली कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पाठविलेल्या पत्रात आहे. पत्रामागची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता, आणि राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली होती. अशा वेळी या राजाने आग्रह धरला तो छत्रांसाठी. त्यात राजघराण्याच्या प्रतिष्ठेचा भाग नव्हता असे म्हणता येणार नाही. पण नुसत्या प्रतिष्ठेसाठी कोणी इतका बारीक तपशील लिहीत नाही. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांना शिजवलेला भात मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून, ज्यांनी अजून खाल्ले नाही त्यांना बोलावले जाते. आजारी पडलेल्या वाटसरूला औषध आणि पथ्याचे अन्न बरे होईपर्यंत मिळते. मृताचे संस्कार ज्याच्या त्याच्या जातीच्या रीतीने होतात. अर्थात जातिभेद पुसलेला नव्हता. उपाशी मात्र कोणी राहू नये, एवढी काळजी होती.

'बरे होईपर्यंत' या अटीने छत्राचे स्वरूपच पालटते. वाटसरूला एक रात्र आसरा देणे सोपे. पुढे जाऊ न शकणाऱ्या परक्याला ठेवून घेणे कठीण.

हे सुचण्यामागे राजांचा स्वतःचा अनुभव असावा, असे मानण्यास जागा आहे. 1777 साली जन्मलेल्या या दत्तकपुत्राला, तुळजाराजांच्या मृत्यूनंतर अमरसिंगांच्या कारकीर्दीत धोका निर्माण झाल्याने, 1793 साली मद्रासला हलविण्यात आले. सोबत राजविधवा होत्या. तरीही किल्ल्याबाहेरचे पहिले दीर्घ वास्तव्य परक्यांच्या आश्रयाने, परक्या विद्येच्या छायेत गेले. श्वार्ट्झ आणि गेरिके या जर्मन पाद्रींनी त्याला शिकविले. 1798 साली गादीवर आलेल्या सरफोजींनी पुढे मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' रचली. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, त्यात फिरस्ती कोरवी भविष्य सांगते. राजांनी तिच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला. या रचनेत काव्यगुण थोडा आणि माहिती फार, हे खरे. तथापि परमुलुखाची ओळख एका भटक्या स्त्रीने करून द्यावी, ही निवड सहज झाली असे वाटत नाही.

1855 साली राज्य खालसा झाले. छत्रांच्या इतिहासात दगडी हत्तींपेक्षा पत्रातला एक तपशील अधिक मोलाचा आहे. छत्रात आलेली परकी माणसे मरण पावली, तर त्यांची पोरकी मुले शाळामास्तरच्या हवाली होत. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चौथ्या दिवशी तेल लावून न्हाणे, कपडे, औषध मिळे. ज्या विद्येची आवड ती शिकविली जाई. ते मूल शिकून तयार झाले, की त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रच सोशीत असे.