कोणता कोतवाल?

कर्जत तालुक्यात, कडाव-नेरळच्या बाजूला 'कोतवाल' म्हटले की आधी आठवतात ते हुतात्मा भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे त्यांचे पूर्ण नाव. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले. शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या दारात जाऊ नयेत म्हणून त्यांनी धान्यकोठारे काढली. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. तेथे ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. ज्यांच्या आडनावाचा एक अर्थच 'पोलीस अधिकारी' असा होतो, ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले!

याच तालुक्यात तलाठ्याच्या हाताखाली काम करणाराही कोतवाल आणि भातशेतीवरच्या विजेच्या तारेवर बसणारा दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षीही कोतवालच. एक शब्द इतक्या जणांना कसा पुरला?

शब्दाचे मूळ संस्कृत 'कोट्टपाल' असे मानतात. कोट्ट म्हणजे कोट, किल्ला. त्याचा पालक तो कोट्टपाल. या पदाचा एक जुना लेखी पुरावा ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकांना तो वेगळ्याच कारणाने ठाऊक असेल. तेथील चतुर्भुज मंदिरातला विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ च्या सुमाराचा शिलालेख शून्याच्या चिन्हासाठी प्रसिद्ध आहे. मंदिराच्या बागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि रोज द्यायच्या ५० माळा, या दोन आकड्यांत आजच्यासारखे वाटोळे शून्य कोरलेले आहे. त्याच लेखात गोपगिरीचा, म्हणजे ग्वाल्हेरचा, कोट्टपाल म्हणून अल्ल या अधिकाऱ्याचे नाव येते. शून्य पाहायला जगभरातून लोक येतात. अल्लाची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

पुढे हा शब्द फारसीत गेला. अकराव्या शतकात गझनीच्या दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्या बैहाकीच्या ग्रंथात किल्ल्याचा 'कोतवाल' भेटतो. म्हणजे शब्द येथून गेला, फारसी वेषात परत आला आणि येताना किल्ला सोडून शहरात शिरला. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त कोतवालाच्या कामांची यादी आहे. रात्रीची गस्त, घरांची नोंद, नव्याने आलेल्यांवर नजर, बाजारातल्या वजनमापांची तपासणी, अशी ती लांबत जाते. आज ही कामे पोलीस, महापालिका आणि वैधमापन खाते अशी वाटलेली आहेत.

पेशव्यांच्या पुण्यातला कोतवालही साधारण असाच सर्वाधिकारी होता. १७७७ मध्ये नेमलेला घाशीराम सावळदास चौदा वर्षे त्या जागेवर राहिला. त्याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ च्या ऑगस्टमध्ये संतापलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. त्याचे खरे आडनाव आज कितीजणांना सांगता येईल? पदच त्याचे नाव होऊन बसले. १९७२ मध्ये तेंडुलकरांचे नाटक आल्यावर तर ते पक्केच झाले.

शहरात एवढा दरारा असलेला हा शब्द खेड्यात मात्र अगदी खालच्या पायरीवर होता. दवंडी देणे, नोटिसा पोचवणे, तलाठ्याच्या मागे हिंडणे ही गावच्या कोतवालाची कामे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. त्यानंतर कोतवाल हा तुटपुंज्या मानधनावरचा सेवक राहिला. अलीकडे शासनाने पदाचे नाव बदलून 'महसूल सेवक' केले आहे. नाव बदलल्याने मानधनाचा प्रश्न सुटत नाही, हे त्या सेवकांना अर्थातच कळते.

पदाचे आडनाव होते तेव्हा घोटाळा वाढतो. आडनावावरून जात ओळखण्याची खोड आपल्याला शाळेच्या हजेरीपासून लागते. कोतवाल हे आडनाव त्या खोडीला दाद देत नाही. माथेरानचे भाई कोतवाल नाभिक. पारशी धर्मग्रंथांचे नामवंत अभ्यासक दस्तूर फिरोज कोतवालही कोतवालच. (त्यांच्या नावातले 'दस्तूर' हे पुन्हा धर्मगुरूचे पद!) आडनाव एवढेच सांगते की मागे कधीतरी, कोठेतरी, कोणालातरी या नावाने हाक मारली गेली. ती हाक पदामुळे होती, टोपणनाव म्हणून होती की आणखी कशामुळे, हे त्या त्या कुटुंबाचे कागद पाहिल्याशिवाय कळत नाही.

पक्ष्याचे नाव मात्र गुणावरून पडले. काळा कोतवाल आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीला, स्वतःहून कितीतरी मोठ्या पक्ष्याला बेधडक टोचून पळवतो. त्यामुळे हळद्या, होले, बुलबुल असे गरीब पक्षी त्याच्याच झाडावर घरटी बांधतात, असे निरीक्षकांनी पुष्कळदा नोंदले आहे. इंग्रजांनी त्याच्या अंगी वेगळा अधिकार पाहिला आणि त्याला 'किंग क्रो', कावळ्यांचा राजा, म्हटले. शास्त्रज्ञांना असा मोघमपणा चालत नाही. 'डायक्रुरस मॅक्रोसर्कस' या नावात ना कोतवाल आहे ना राजा. 'दुभंगलेल्या शेपटीचा, लांब शेपटीचा' एवढेच ते सांगते, आणि हे नाव दुसऱ्या कोणत्याही जातीला देता येत नाही.

या कुळातला एक भाऊबंद आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात राहतो. शत्रू आल्याचा इशारा तोही देतो, आणि इतर प्राणी त्यावर विश्वास ठेवतात. पण टॉम फ्लॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की अधूनमधून तो खोटाच इशारा देतो, आणि मीरकॅटसारखे प्राणी दचकून पळाले की त्यांचे टाकलेले भक्ष्य उचलतो. एका प्राण्याने एक आवाज ओळखला की आवाज बदलून पाहतो. घाशीरामाच्या वेळच्या पुणेकरांना यात फारसे नवल वाटले नसते.