मानेतली गाठ, परळची वाट

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याहून मुंबईतल्या परळला जायचं तर आधी शहापूर गाठायचं, मग आसनगाव स्टेशन आणि तिथून लोकल. आसनगावपर्यंत आगगाडी आली १८६० मध्ये. याच तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. पण मानेत, काखेत किंवा जांघेत वाढत चाललेली, न दुखणारी गाठ कसली, हे विचारायला या वाटेच्या टोकाला कॅन्सरचं रुग्णालय उभं राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. त्यामागे एका घरातलं दुःख होतं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या.

गाठ मात्र फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड हे गाठींचे प्रकार एकाच अध्यायात येतात. दिसतं काय आणि हाताला लागतं काय, यावरून त्यांच्यात फरक केला आहे. पुढे खेड्यापाड्यांत मानेतल्या गाठींना सरसकट गंडमाळ म्हणत, आणि त्यांतल्या कितीतरी खरोखर क्षयाच्याच असत.

हा घोळ मोठमोठ्या डॉक्टरांचाही झाला. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसिका ग्रंथी आणि प्लीहा वाढून दगावलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी अशा गाठींतल्या मोठ्या, विचित्र पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने टिपल्या. रोग मात्र क्षयाचाच एक प्रकार मानला. चार वर्षांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तरुण डॉक्टर डोरोथी रीड यांनी ठामपणे मांडलं, की हा क्षय नव्हे. घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रकं दाखवणारी ती पेशी आज दोघांच्या नावाने, रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणून ओळखली जाते.

मुंबईत या सूक्ष्मदर्शकाच्या कामाला पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. टाटा रुग्णालयाची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली आणि १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुराही त्यांच्याकडेच आली. १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, ती देशातली अशी पहिली.

परळच्या रांगेत आजही कितीतरी नातेवाइकांच्या पिशवीत फाइलबरोबर एक छोटी डबी असते. तिच्यात असतो ‘ब्लॉक’: काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवलेला. त्याचे केसाहूनही पातळ काप काढतात, काचेवर चढवतात, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. मग आणखी चाचण्या लावून गाठ लिंफोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, आहे का, असेल तर हॉजकिनची की नॉन-हॉजकिनची, आणि नॉन-हॉजकिनच्या अनेक प्रकारांपैकी नेमकी कुठली, हे ठरतं. नुसत्या सुईने ओढलेल्या पेशींवर हे सहसा भागत नाही. शक्य असेल तेव्हा अख्खी गाठच काढून तपासावी लागते. सगळा उपचार या डबीवर उभा असतो.

औषधांचा इतिहास तर युद्धातून निघाला. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात, मस्टर्ड या विषारी वायूच्या जातकुळीतलं रसायन लसिका ग्रंथींचा कर्करोग झालेल्या एका रुग्णाला टोचलं. गाठी पटापट विरघळल्या. त्या परतल्या आणि रुग्ण वाचला नाही, तरी रसायनाने कर्करोग वितळतो हे कळलं. लष्करी गुपित म्हणून ही बातमी १९४६ पर्यंत बाहेर आली नाही. १९५० मध्ये टोरांटोच्या व्हेरा पीटर्स यांनी क्ष-किरणांनी हॉजकिनचे रुग्ण बरे होऊ शकतात हे दाखवलं. आणि १९५८ मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी औषध वेगळं केलं ते चक्क सदाफुलीतून! मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून ते तिची पानं तपासत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. विनब्लास्टिन हे ते औषध. विन्क्रिस्टिन हे सदाफुलीचंच दुसरं औषध आजही लिंफोमाच्या केमोत दिलं जातं. अंगणातल्या सदाफुलीची पानं चावून मात्र काहीही साधत नाही. झाड विषारी आहे.

पुढे चार-चार औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि लवकर सापडलेला हॉजकिन बहुतेकांचा बरा होऊ लागला. २००७ मध्ये लिंफोमावरच्या रिटुक्सिमॅब या औषधाची स्वस्त भारतीय आवृत्ती बाजारात आली. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या मेहनतीतून जन्मलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून, बदलून परत दिल्या जातात. इतर उपचार हरले अशा काही लिंफोमा रुग्णांसाठी हा देशी आधार आहे. राहण्याचा प्रश्नही परळ-दादरने आपला मानला: नाना पालकर स्मृती समिती आणि गाडगे महाराज धर्मशाळा यांनी बाहेरगावच्या असंख्य रुग्णांना छप्पर दिलं.

तरीही स्टर्नबर्ग यांची ती जुनी गफलत अजून संपलेली नाही. आपल्याकडे क्षय इतका सर्रास, की ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन आणि मानेत गाठ दिसली की तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. महिने निघून जातात आणि परळला पोहोचेपर्यंत रोग पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो. म्हणून शहापूर-मुरबाडच्या वाचकांना विनंती, की महिनाभरात न उतरलेली किंवा क्षयाच्या गोळ्या घेऊनही वाढणारी गाठ शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, आणि ‘तुकडा तपासायचा का?’ असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी तिथेच करा.